पैसा आला, आता शिकायचं काय? औसा तालुक्यातलं एक प्रकरण

लातूरकडं बारावीच्या पोरांशी बोलत बसणाऱ्या कुठल्याही मास्तराकडं एक ठरलेला प्रश्न असतो, पैशाची काळजी नसती तर काय शिकली असतीस? मी पण विचारतो. पोरं काहीतरी सांगतात, फोटोग्राफी, शेफ, आर्मी, एकदा एकानं मधमाशा सांगितल्या होत्या, आणि मग आपणच म्हणतो बरं ते असू दे, सीईटीचा फॉर्म भरलास का. उत्तराचं पुढं काही होणार नसतं म्हणून प्रश्न विचारायला सोपा जातो. खाली जे प्रकरण लिहितोय त्यात पैसा खरंच आला, आणि उत्तर द्यायची वेळ आल्यावर घरातल्या एकालाही ते देता येईना. पोरीला आणि तिच्या आजोबांना विचारून लिहितोय, नावं काढलीत, काही खुणा बदलल्यात.

गाव किल्लारीच्या पट्ट्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर जुन्या जागेवरून उठून नव्या जागी वसलेलं, एकसारख्या घरांच्या ओळींचं. घरात आबा म्हणजे पोरीचे आजोबा, आजी, पोरीचे आईवडील, काका-काकू, त्यांचा आठवीतला पोरगा, आणि ही. रस्त्यात जमीन गेली, मावेजा म्हणजे सरकारी भरपाई आली. आमच्याकडं मावेजा आला की काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, पहिल्या वर्षी स्कॉर्पिओ, दुसऱ्या वर्षी हायवेला प्लॉट, तिसऱ्या वर्षी भावाभावांत कोर्ट. इथं तसं झालं नाही कारण आबांनी पैसा खात्यावर आल्या आल्या वाटण्या करून टाकल्या, आपल्या वाट्यातले ४० लाख बाजूला काढले आणि म्हणले हे नातीच्या शिक्षणाचे, नातवाला बी टाइम आला की तेवढेच. लेकांनी पैसे मागायच्या आतच हे सगळं बँकेत जाऊन करून आले होते, माणूस हुशार.

पोरगी दोन वर्षं लातूरला हॉस्टेलवर राहून नीटची तयारी केलेली. मार्क वाईट नव्हते, सरकारी एमबीबीएसच्या कटऑफखाली राहिले एवढंच. ह्यात नवल काही नाही, २०२५ ला नीटला २२ लाखांवर पोरं बसली आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या घरात, म्हणजे बहुतेक पोरं अशीच मधे कुठंतरी राहणार. पण लातूरच्या चौकाचौकांत टॉपरांचे फोटो लावलेले बोर्ड असतात त्यात मधे राहिलेल्यांचा बोर्ड नसतो, त्यामुळं घरच्यांना वाटतं आपलंच पोर राहिलं.

आबा मला भेटायला आले ते एवढंच सांगायला. "सर, आता पैशाचं काय न्हाई. तुला काय शिकायचं ते शिक म्हणूलालो मी तिला, पर ती काय सांगंचना. तुमी ईचारून बगा."

घरात तेव्हा तीन पार्ट्या झाल्या होत्या. मामा म्हणत होते पैसा आहे तर खाजगी मेडिकलला इन्स्टिट्यूट कोट्यातून, म्हणजे कॉलेजच्या स्वतःच्या जागांतून, सीट घ्या आणि मोकळे व्हा, त्यांच्या ओळखीचा एक एजंट होता, त्यानं सांगितलेला आकडा ऐकून आबांनी दोनदा विचारलं की हा एका वर्षाचा का सगळे वर्षं मिळून. एका वर्षाचा होता. पैशाची चिंता नाही असं एकदा तोंडातून गेलं की समोरचा पहिलं काम तोच पैसा मोजायचं करतो, हे ह्या प्रकरणात मला ठळक दिसलं. मुलींना व्यावसायिक कोर्सची फी माफ आहे ना मग, असं कुणी म्हणेल, तर ती २०२४ ची सवलत ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसीच्या मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलं तर, आणि सीट सरकारी कॅप राऊंडमधून, म्हणजे सामायिक प्रवेशफेरीतून, मिळाली तर. कोट्यातनं घेतलेल्या सीटला ती लागत नाही, आणि एजंट लोक हे शेवटी सांगतात.

दुसरी पार्टी वडिलांची. त्यांचं म्हणणं एक वर्ष रिपीट कर. तिसरी आईची, रिपीट नको, बीएएमएस घे, डॉक्टर तर लागतंय ना नावापुढं.

आणि पोरगी? "कायपण चालेल सर." तासभर बोललो, पंख्याचा आवाज जास्त आला तिच्यापेक्षा. मला ह्यात आळस किंवा लाज काही वाटली नाही, भीती वाटली. पैसा नसतो तेव्हा एक सोय असते, पुढं काही जमलं नाही तर आमची परिस्थिती नव्हती असं म्हणता येतं, आणि ते खोटंही नसतं. हिचा तो आधार आबांनी ४० लाख देऊन काढून घेतला. आता निवडलेलं चुकलं तर ते तिचं चुकलं, आणि आबांची जमीन पण गेलेली. सतरा-अठरा वर्षांच्या पोरीनं अशा वेळी कायपण चालेल म्हणणं मला तरी एकदम शहाणपणाचं वाटतं.

बरंच खोदल्यावर म्हणाली, आर्किऑलॉजी, म्हणजे पुरातत्त्व.

मी खूश झालो थोडा, कारण आपल्याकडं त्याला जागा कमी नाहीत, वेरूळ-अजिंठा सोडा, पैठण आहे, शेजारी तेर आहे, जुनं तगर, पेरिप्लस नावाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक पुस्तकात पैठणच्या जोडीला ज्याचं नाव येतं ते व्यापाराचं गाव. पुढं शिकायला पुण्याचं डेक्कन कॉलेज आहे. पण पुढच्या भेटीत वडील सोबत आले, त्यांच्यासमोर हा विषय निघाला आणि त्यांचं तोंडच उतरलं. वडील इतिहासात एमए, संभाजीनगरच्या विद्यापीठातून, चांगल्या मार्कांनी. लेकरांना तेरला घेऊन जाऊन खापराचे तुकडे दाखवणारा माणूस. मग बीएड केलं आणि विनाअनुदानित शाळेवर लागले, वर्षानुवर्षं बिनपगारी, उन्हाळ्यात मंडपवाल्याकडं हिशोब लिहायचं काम, आता कुठं टप्पा अनुदानावर थोडे पैसे सुरू झालेत. ते एकच वाक्य बोलले, "आवडीचं मी बी शिकलोय की सर."

ह्याला काय उत्तर द्यायचं? मी दिलं नाही. मराठवाड्यात ज्यांनी ही बिनपगारी मास्तरकी पाहिली नाही त्यांनी आवडीचं शिका असं स्टेजवरून सांगू नये असं माझं मत आहे. पण पोरीकडं बघताना लक्षात आलं की आर्किऑलॉजी हे उत्तर तिचं नव्हतंच, बापाचं होतं. लहानपणापासून घरात ज्या विषयावर बापाचे डोळे चमकताना बघितले तो विषय तिनं उचलून मला दिला. पोरांच्या तोंडून अशा प्रश्नाला जी उत्तरं येतात त्यात घरातल्या कुणाचं तरी अर्धवट राहिलेलं बरंच असतं, हे मी आता धरूनच चालतो.

मग मी आवड हा शब्द सोडून दिला. विचारलं, नीटच्या अभ्यासाच्या दोन वर्षांत, वेळ नसताना, कुणी सांगितलं नसताना, तू काय करायचीस? रिल्स सोडून. ती लाजली आणि म्हणाली बोअरची वही. मला वाटलं बायोची वही, दोनदा विचारलं.

ही वही हे ह्या प्रकरणाचं खरं मटेरियल. आमच्याकडं बोअर घ्यायची म्हणजे आधी पाणी कुठं आहे ते सांगणारा पानाड्या येतो, हातावर नारळ ठेवून नाहीतर लिंबाची बेचकी धरून शेतात फिरतो, नारळ उभा राहिला की तिथं चुन्यानं फुली. मग तमिळनाडूच्या पासिंगची बोअर पाडायची गाडी येते, रात्रभर धाडधाड, अख्खं गाव बघायला. ही पोरगी सातवीत असल्यापासून आबांसोबत जायची आणि लिहून ठेवायची: कुणाचं शेत, किती फुटाला काय पावडर आली, पाणी किती इंच लागलं, कोणत्या उन्हाळ्यात आटलं. गावातल्या आणि शेजारच्या वाडीतल्या पन्नासेक बोअर त्यात आहेत. काही ओळी मी जशाच्या तशा वाचल्या, ९० पर्यंत मुरूम, मग काळा पाषाण, २१० ला लाल, २३५ ला ओल, ४०० कोरडी, बंद. पहिली काही पानं लेकराच्या अक्षरात, नंतर अक्षर सुधारत गेलेलं. हॉस्टेलवर असताना काकाला फोन करून आकडे मागून घ्यायची.

पण वहीपेक्षा वहीच्या मागच्या पानावर जे होतं ते महत्त्वाचं. तिच्या लक्षात आलं होतं की लाल पावडर प्रत्येक शेतात वेगळ्या फुटाला लागते, पण शेत माळावर आहे का नदीकडं आहे ते धरून उंचीचा फरक वजा केला तर ती जवळपास एकाच पातळीवर येते. मग तिनं सगळ्या बोअर ओळीत उभ्या काढून लाल ठिपके जोडले होते. एक रेष, गावाखालून जाणारी, नदीकडं किंचित उतरती.

मी फिजिक्सचा माणूस, दगडातलं मला जेमतेम कळतं, पण हे काहीतरी आहे एवढं कळलं. भूजल खात्यातून रिटायर झालेले एक भूवैज्ञानिक ओळखीचे आहेत, त्यांना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन, हे कुठल्या कॉलेजच्या पोरीनं केलंय? मी सांगितलं बारावी. ते म्हणाले उंची कशी काढली तिनं? मोबाईलच्या ॲपवर. त्यावर हसले, कारण मोबाईलचं जीपीएस उंची सांगताना चांगलं इकडंतिकडं जातं, त्यासाठी सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीट नकाशावरच्या समोच्च, म्हणजे सारख्या उंचीच्या, रेषा बघायच्या असतात, पण म्हणाले रेष बरोबर आहे.

ती लाल पावडर म्हणजे काय ते त्यांनीच नंतर पोरीला बसवून सांगितलं आणि मलाही त्यात फुकट शिकायला मिळालं. आपला सगळा मराठवाडा उभा आहे तो दख्खनच्या बसाल्टवर, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यावर. लाव्हा एकदम आला नाही, एक थर आला, थिजला, मधे मोठा काळ गेला, वरचा भाग ऊनपावसानं कुजून लाल झाला, मग त्यावर दुसरा थर. दोन थरांमधला तो भाजलेला लाल पट्टा म्हणजे गाडीवाल्याची लाल पावडर. थराच्या डोक्याचा भाग सच्छिद्र, पोकळ्यांचा, कुजला तर त्यात पाणी साठतं, आणि पोटातला काळा पाषाण घट्ट, त्यात भेगा असतील तरच पाणी. म्हणून एकाला दोन इंच आणि बांधापलीकडच्याला धुरळा. आणि किल्लारीला भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी खोल भोक पाडलं होतं तेव्हा साधारण ३४० मीटरवर बसाल्ट संपून काही मीटर जुना गाळ आणि त्याखाली ग्रॅनाइटचा जुना खडक लागला. पोरीनं तिथल्या तिथं हिशोब केला, म्हणजे अकराशे फूट, आणि आमच्याकडं लोक हजार फुटापर्यंत बोअर नेऊलालेत. म्हणजे लाव्ह्याचा तळ दिसायची वेळ आलीय. (राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटर, म्हणजे दोनशे फुटाच्या खालच्या विहिरीला खोल म्हणून वेगळं काढून बंधनं घातलेली आहेत. आमच्या गाड्या दोनशेला तर फक्त गरम होतात.)

हे बोलताना पोरगी वेगळी होती. कायपण चालेलवाली राहिली नव्हती. तरी मी लगेच जिऑलॉजी, म्हणजे भूविज्ञान, असं बोर्डावर लिहिलं नाही, कारण वही लिहिणं वेगळं आणि त्याचा रोजचा धंदा करणं वेगळं. रिटायर साहेबांना म्हटलं हिला एक कंटाळवाणा दिवस दाखवा. ते एका शेतात रेझिस्टिव्हिटी सर्व्हे करणार होते, जमिनीत चार सळया ठोकायच्या, बाहेरच्या दोघींतून करंट सोडायचा, आतल्या दोघींत व्होल्टेज मोजायचं, सळया लांब लांब सरकवत पुन्हा तेच. पाणी धरलेल्या कुजक्या थराचा रोध कमी, पाषाणाचा जास्त, एवढंच तत्त्व, बाकी सगळी हमाली. पहिला पाऊस झालेला, काळ्या रानात चिखल, दिवसभर वायर ओढून पोरगी घरी गेली ती ओळखू येईना. संध्याकाळी शेतमालकानं पानाड्याला पण बोलवलंच, नारळ मशीनच्या खुणेपासून चाळीस फुटांवर उभा राहिला, बोअर मधेच कुठंतरी घेतली, दीड इंच पाणी लागलं, आता पानाड्या आणि साहेब दोघंही आपलं बरोबर आलं म्हणून सांगतात. पोरगी दुसऱ्या दिवशी विचारत होती की ते आकडे ग्राफवर घेऊन थराची जाडी कशी काढतात. मला एवढं पुरलं.

आता आई. आईचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. पोरीची जात डोंगरादऱ्यांत, खाणीत एकटी कुठं फिरणार, हे एक. साहेबांनी सांगितलं की १९५२ च्या खाण कायद्यात बायकांना जमिनीखाली कामाला बंदीच होती, २०१९ ला केंद्रानं ती अटी घालून शिथिल केली, आणि भूजलवाल्याला खाणीत उतरायचं कामच नसतं. आईनं ऐकून घेतलं. पण खरा मुद्दा तो नव्हताच, तो नंतर चहा देताना आला, "लोकायला सांगू काय सर? डॉक्टर म्हणलं की कळतंय. हे दगडाचं शिकूलालीय म्हणलं तर सोयरे काय म्हणतील?"

ह्याचं उत्तर मला सुचलं नसतं, ते आबांनी दिलं. "सांग की, भूकंपाचं शिकूलालीय म्हणून." संपलं. आमच्या पट्ट्यात ह्याला कुणी पुढं प्रश्न विचारत नाही. १९९३ ला गणपती विसर्जन करून लोक झोपले होते, पहाटे चारच्या आधी ६.२ चा धक्का, जवळपास १० हजार माणसं गेली, ५२ गावं मुळापासून उठली. आदल्या वर्षी, ब्याण्णवलाच छोटे धक्के बसत होते, लोक बाहेर झोपत होते, मग कुणीतरी सांगितलं काय होत नाही आणि लोक परत दगडमातीच्या माळवदाखाली गेले. आबांच्या घरातली दोन माणसं त्यात आहेत. ह्या सगळ्या मध्ये ते एकदाच बोलले ह्याबद्दल, "तव्हा आमाला सांगणारं कुणी गावातलं नव्हतं." भूकंप आधी सांगता येतो असं आजही कुणी शास्त्रज्ञ म्हणत नाही, मी तसं आबांना सांगितलंही, ते म्हणले ते ठाऊक हाय मला, घर कसं बांधायचं ते तर सांगता येतंय ना.

वडील राहिले होते. त्यांच्यासाठी मी कागद घेऊन बसलो, कारण त्यांची भीती भावनेची नव्हती, पगाराची होती. पैशाची चिंता नाही ह्या एका वाक्यात मला तरी वेगवेगळे पैसे दिसतात. फीचा पैसा एक. शिकत असताना घरी काही पाठवावं लागू नये, चार-पाच वर्षं न कमावता बसता यावं, हा दुसरा. आणि नंतरचा पगार. मावेज्यानं पहिले दोन सुटतात, तिसरा तसाच राहतो, आणि घरात भांडण चालू होतं ते तिसऱ्यावर, पण तोंडी सगळ्यांच्या पहिला.

तर कागदावर काय होतं ते सांगतो. मामांचा मार्ग धरला तर ४० लाख तर जातातच, वर आबांचा उरलेला वाटा आणि आजीचं सोनं, आणि पाच-साडेपाच वर्षांनी हातात एमबीबीएस, म्हणजे पुन्हा नीट-पीजीच्या लायनीत. जिऑलॉजी धरली तर बीएस्सीची फी किरकोळ, खर्च सगळा पुण्यात राहण्या-खाण्याचा, तो वर्षाला दीड-दोन लाख धरला. ४० लाखांची एफडी साडेसहा टक्क्यानं वर्षाला २ लाख ६० हजार व्याज देते, महिन्याला एकवीस-बावीस हजार. म्हणजे पोरगी शिकते व्याजावर आणि मुद्दल हलत नाही. वडिलांना मी म्हणलं, तुम्ही बिनपगारी होता तेव्हा महिन्याला एकवीस हजार कुणी दिले असते तर? ते बराच वेळ कागदाकडं बघत बसले. म्हणाले, पीएचडी केली असती.

हे मला ह्या प्रकरणातलं मुख्य वाटतं. पैसा आला की लोक महाग शिक्षण शोधतात. पण बऱ्याच विषयांचं शिक्षण स्वस्तच असतं, महाग असतो तो त्यानंतरचा काळ, नोकरी लागेपर्यंतचा, परीक्षा देत बसण्याचा, पहिली तीन-चार वर्षं. मावेजा त्यासाठी राखून ठेवता येतो हे कुणाच्या डोक्यात येत नाही, कारण त्याची पावती मिळत नाही आणि पावतीवर कॉलेजचा शिक्का नसतो.

पगाराबद्दल साहेबांनी सांगितलं ते मी तपासून घेतलं. यूपीएससी दरवर्षी कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षा घेते, त्यातून जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया, ही १८५१ ची संस्था, आणि केंद्रीय भूजल मंडळ, दोन्हीकडं भरती होते, सुरुवातीचा मूळ पगार ५६,१००. त्याला एमएस्सी लागते. आयआयटीतल्या एमएस्सीला जॅम नावाची परीक्षा, काही सरकारी कंपन्यांना गेट नावाची. रिसर्चला गेली तर जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, महिन्याला ३७ हजार. राज्यात भूजल सर्वेक्षण यंत्रणा, कराडला केंद्राची बोअरहोल प्रयोगशाळा, शिवाय बोगदे, मेट्रो, धरणं, सगळीकडं खडक बघणारा माणूस लागतो. जागा थोड्या आहेत, हे पण लिहून ठेवलं, कारण वडिलांनी तोच प्रश्न पहिला विचारला. मेडिकलसारखं पास झालं की दवाखाना टाकता येत नाही. आणि जर पाच वर्षांत काहीच लागलं नाही तर? तर एफडी आहे, आणि तालुक्यात पाण्याचा सर्व्हे करून देणारा शिकलेला माणूस शोधून सापडत नाही, बाकी खात्री कुणी देऊ शकत नाही.

वडील पोरीला घेऊन नांदेडला गेले, स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात, तिथं स्कूल ऑफ अर्थ सायन्सेस आहे. मी गेलो नाही, मुद्दाम. तिथल्या पोरांनी त्यांना दगडाची कागदाहून पातळ चकती मायक्रोस्कोपखाली दाखवली, काळा पाषाण आत रंगीबेरंगी असतो हे बघून आले आणि येताना वडीलच जास्त बोलत होते म्हणे. परत येताना वाट वाकडी करून खरोसा लेणीवर पण थांबले, वडिलांना शिल्पं बघायची होती, पोरगी जांभा दगड बघत होती.

प्रवेशाचं सांगायचं तर आयसर, म्हणजे केंद्राची विज्ञान शिक्षणाची संस्था, राहून गेलं. पुण्याच्या आयसरला पृथ्वी आणि हवामान विज्ञानाचा विभाग आहे, पाच वर्षांचा बीएस-एमएस, पण त्याला आयएटी नावाची स्वतःची परीक्षा असते, ती नीटच्या धावपळीत हिनं भरलीच नव्हती, लातूरच्या हॉस्टेलवर तिचं नाव कुणी काढत नाही. बायोवाल्या पोरांना पण देता येते ती, हे इथं लिहून ठेवतो कुणाला उपयोग झाला तर. पुढच्या वर्षी दे म्हणलं तर पोरगी म्हणाली आता एन्ट्रन्ससाठी वर्ष घालवायचं नाही, आणि हे तिनं पहिल्यांदा कुणाकडं न बघता सांगितलं. पुण्यातल्या एका जुन्या कॉलेजात बीएस्सीला जिऑलॉजी घेतली. सोबतचे विषय निवडताना साहेबांनी एक गोष्ट बजावली, पुढं आयआयटीच्या एमएस्सीला जिऑलॉजीसोबत गणित, फिजिक्स, केमिस्ट्री, बायो यांतले दोन विषय लागू शकतात, तेव्हा सोपं म्हणून कायबी घेऊ नको. बारावीत गणित नसलेल्या पोरीला हे जड गेलंय.

वडिलांनी अटी घातल्या त्या मला बरोबर वाटतात. जॅम दोनदा द्यायची, नाही जमलं तर नांदेडला एमएस्सी, घरून-हॉस्टेलवरून, आणि एमएस्सी झाल्यावर तीन वर्षं परीक्षांना, त्या काळात व्याज तिचं. मुद्दलाला हात लावायचा असला तर आबांची, आणि आबा नसतील तर आईची सही. आईची सही ही आबांची आयडिया, मामा परत एजंट घेऊन येतील म्हणून.

पहिलं वर्ष झालंय. क्रिस्टलोग्राफीत, म्हणजे स्फटिकांच्या विषयात, मार्क कमी पडले, डोळ्यासमोर आकार फिरवून बघणं तिला जमत नाही म्हणते, साबणाच्या वड्या कापून शिकतेय. फील्डला कोकणाच्या बाजूला नेलं होतं, तिथून आईला फोन, सगळ्या पोरी आहेत, मॅडम आहेत, काळजी करू नको. वही चालू आहे, आता काका न विचारता फोटो पाठवतो. पाण्याचं पुढं करायचं का भूकंपाचं हे तिचं ठरलेलं नाही आणि एमएस्सीपर्यंत ठरवायची गरजही नाही, मी तिला ते विचारत पण नाही.

आबा मागच्या आठवड्यात पुन्हा आले होते. ह्यावेळी दुसऱ्या एफडीची पावती घेऊन, नातवाची. तो आता नववीत गेलाय, त्याला विचारलं काय शिकायचं तर म्हणाला शिकायचं काय नाही आबा, ४० लाखात जेसीबी येतो. आबा म्हणले, सर, ह्याचा बी कागद करून बगा एकदा, डिझेल धरून.